कोल्हापूरहून फातोर्ड्याला: भारत-सिंगापूर सामन्याची वारी

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं. गाडीत पेठेतले दोन मित्र, मी आणि अकरा वर्षांचा भाचा. २०२७ च्या एएफसी आशियाई फुटबॉल चषकाची पात्रता फेरी, गट सी, भारत विरुद्ध सिंगापूर, संध्याकाळी साडेसातला मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पेठांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला देशाचा संघ इतक्या जवळ खेळायला येतोय म्हटल्यावर घरी बसवत नाही. शाळेची एक दिवसाची चिठ्ठी बहिणीने कुरकुरत लिहून दिली.

भाच्याच्या वहीत गटाचा तक्ता होता. हाँगकाँग ७, सिंगापूर ५, भारत २, बांगलादेश १. सगळ्यांचे तीन-तीन सामने झालेले, तीन-तीन राहिलेले. चौघांतला पहिलाच संघ मुख्य स्पर्धेसाठी सौदी अरेबियाला जाणार, दुसऱ्याला काही मिळत नाही. त्यामुळे आमच्यापुढे हिशेब सोपा होता: जिंकलो तर ५ गुण आणि जीव शिल्लक, हरलो तर संपलं. "आणि ड्रॉ झाला तर, मामा?" हे त्याने निपाणी यायच्या आत तीनदा विचारलं.

रस्त्याचं आधी सांगतो, कारण कोल्हापूर-बेळगाव भागातून जाणाऱ्यांना तेच हवं असतं. महामार्गाने संकेश्वर, तिथून गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवीवरून गोव्यात. आंबोलीत ऑक्टोबरातही सकाळी धुकं असतं. आम्हाला घाटात अर्धा तास दिवे लावून रांगेत चालावं लागलं, म्हणून वेळ धरताना तासभर जास्तीचा धरा. पणजीच्या पुढे झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून पूर्वीची ती जीवघेणी कोंडी सुटली आहे. नाश्ता, चहा, डिझेल धरून साडेबाराला मडगावात होतो. मुंबई-रत्नागिरीकडून रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असतं आणि त्यात गाड्या सावकाश धावतात. सामन्याच्या दिवशी दुपारी पोचणारी गाडी धरण्यापेक्षा आदल्या रात्रीची धरावी.

स्टेडियम मडगावच्या कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याजोगं आहे, रेल्वे स्टेशनापासून मात्र लांब पडतं. एकटे असाल तर पायलट करा, म्हणजे दुचाकीची टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. आम्ही गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवून पायी निघालो आणि परतताना त्याचा फार उपयोग झाला, कारण सामना सुटल्यावर गेटाबाहेरचा रस्ता बराच वेळ हलत नव्हता. वाटेत गल्लीगल्लीत पोरं नरकासुराचे बांबूचे सांगाडे उभे करत होती. भाचा तिथेच रमला होता, हाताला धरून ओढावं लागलं.

गेटावर माझी फजिती झाली. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, भडंगाचा डबा असं सगळं घेऊन गेलो होतो. पिशवी आत नेता येणार नाही म्हणाले. जवळच्या एका टपरीवाल्या काकांनी ती ठेवून घेतली, पैसे घ्यायला तयार होईनात. देव बरें करूं त्यांचं! तुम्ही मात्र खिशात मावेल तेवढंच न्या: तिकीट, ओळखपत्र, थोडे पैसे. पोट बाहेरच भरून घ्या. संध्याकाळी गाड्यांवर रस ऑम्लेट मिळतं, गरम पाव बुडवून खावं आणि मगच आत जावं.

हे मैदान मला फार आवडलं. इथे २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, एफसी गोवा इथेच खेळते, आणि वीसेक हजारांच्या आतलं असल्यामुळे खेळाडूंच्या हाका वरपर्यंत ऐकू येतात. शक्यतो बाजूच्या, मधल्या रेषेजवळच्या स्टँडमध्ये बसा. गोलमागून आवाज मस्त मिळतो, पण संघाची मांडणी कळत नाही आणि पात्रता सामन्यात बघण्यासारखं तेच असतं. कोण मागे सरकतोय, कोण वेळ काढतोय, कुणाला बरोबरी चालणार आहे, हे बाजूने दिसतं.

पाच दिवसांपूर्वी सिंगापुरात आपला बचावपटू संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं होतं. दहा जणांनिशी खेळून रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला १-१ केलं, पण त्या कार्डामुळे झिंगन या सामन्याला नव्हता. तरी चौदाव्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने बॉक्सच्या बाहेरून जो फटका हाणला, तो जाळ्यात जाताना सगळं स्टँड एका झटक्यात उभं राहिलं. शेजारचे गोव्याचे आजोबा भाच्याला उचलून नाचवत होते. मी आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोलांमध्ये तो राहील.

मग चव्वेचाळीसाव्या मिनिटाला सोंग उई-योंगने बरोबरी केली. मध्यंतराच्या तोंडावर बसलेला गोल फार वाईट, पंधरा मिनिटं तोच विषय. अठ्ठावन्नाव्याला पुन्हा त्यानेच दुसरा मारला. मूळचा दक्षिण कोरियाचा, २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झालेला हा खेळाडू त्या रात्री बरोबर जागच्या जागी उभा असायचा. उरलेला अर्धा तास आपण चेंडू आत टाकत राहिलो, ते बाहेर काढत राहिले. १-२. शिट्टी वाजली तरी लोक जागेवर बसून होते.

चालत परतताना भाच्याने दिव्याखाली वही उघडली. त्याच दिवशी हाँगकाँग-बांगलादेश १-१ झाला होता. हाँगकाँग ८, सिंगापूर ८, भारत २, बांगलादेश २. "आपण दोन्ही जिंकलो तर आपले पण आठ होतील ना?" तो म्हणाला. मग बोटाने ओळ पकडून थांबला. "पण मामा, ते दोघं अजून एकमेकांशी खेळणार आहेत. बरोबरी झाली तरी नऊ-नऊ होतील." त्यापुढे कुणीच बोललं नाही.

माझं प्रामाणिक मत असं की हा गट फातोर्ड्यात गेलाच नाही. तो मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-० झालं तेव्हा निसटायला लागला आणि जूनमध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ हरलो तेव्हा हातातून गेला. खालिद जमील ऑगस्टमध्ये प्रशिक्षक झाले, तेव्हा खात्यात एक गुण होता. मुंबईच्या कूपरेजवर ज्यांनी त्यांना संघ बांधताना पाहिलंय, त्यांना हा माणूस थोडक्या साधनांत काय उभं करतो ते माहीत आहे. त्यांना वेळ मिळाला पाहिजे.

म्हणूनच पुढच्या वेळी जाणाऱ्यांना माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: निर्णायक सामन्याची वाट बघू नका, गटाचा पहिला घरचा सामना गाठा. सहा सामन्यांच्या गटात पहिल्या सामन्याचे तीन गुण शेवटच्याइतकेच मोलाचे असतात आणि तेव्हा स्टँड भरलेलं असणं संघाला जास्त हवं असतं. निघण्याआधी गटाचे नियमही वाचा. या पात्रता फेरीत गुण सारखे झाले तर आधी आपसातल्या सामन्यांचा निकाल बघतात, एकूण गोलफरक नंतर. हे माहीत असलं की ०-१ आणि ०-३ मधला फरक मैदानात वेगळा दिसतो.

मुक्काम मडगावातच करा. पणजीला राहून सामना संपल्यावर शटल बसने जाऊ, या भरवशावर राहू नका, तेवढ्या उशिरा ती मिळत नाही. आणि त्याच रात्री घाट चढण्याचा विचारही नको. हरलेल्या सामन्यानंतर गाडीत कुणी बोलत नाही आणि चालवणाऱ्याचा डोळा लागतो. आम्ही सकाळी निघालो. गडहिंग्लजला चहाला थांबलो तर मैदानावर पोरं खेळत होती. भाचा उतरून कडेला उभा राहिला आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आला.

वहीतल्या तक्त्याखाली त्याने दोन ओळी लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे. १८ नोव्हेंबर, ढाका. ३१ मार्च, हाँगकाँग, आपल्याकडे. दुसऱ्या ओळीसाठी मी ऑफिसात रजेचं आजच सांगून ठेवलं.