डोळ्याचा फोटो आणि एआयचा रिपोर्ट : माझा अनुभव

मला टाइप २ डायबेटिस आहे. वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या, हे डॉक्टर दर भेटीत सांगतात. पण त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, डोळ्यांत थेंब घालून ताटकळत बसायचं, परत येताना धूसर दिसतं म्हणून कुणाला तरी सोबत न्यायचं. सगळं स्वच्छ दिसत असताना एवढा खटाटोप करायला पाय निघत नाही. आणि गोम नेमकी तिथेच आहे. डायबेटिक रेटिनोपथी, म्हणजे डायबेटिसमुळे पडद्याला होणारा आजार, सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. दिसायला त्रास होऊ लागतो तोवर पडद्याचं बरंच नुकसान झालेलं असू शकतं.

या वेळी शुगरच्या डॉक्टरांकडेच फोटो काढणारा कॅमेरा आला होता. रक्त देऊन झाल्यावर सिस्टरनी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, ठिपक्याकडे बघा, आणि लख्खकन उजेड. उजव्या डोळ्याचे फोटो झटपट निघाले. डाव्याचे मात्र मशीनने नाकारले : फोटो अस्पष्ट, पुन्हा घ्या. पुन्हा घेतले, पुन्हा तेच. शेवटी थेंब घालून बाहुली मोठी केली, तेव्हा कुठे स्वीकारले. सिस्टर वैतागल्या होत्या. मला मात्र बरं वाटलं. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणणं आणि ठोकून न देणं, हे मला मोलाचं वाटतं.

फोटो तपासणाऱ्या एआयचा रिपोर्ट काही मिनिटांत आला, तोही एका ओळीचा : सौम्यपेक्षा जास्त रेटिनोपथी, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. म्हणजे किती, कुठे, कशामुळे? काही नाही. "ते एवढंच सांगतं," सिस्टर म्हणाल्या.

घरी येऊन वाचलं. डॉक्टरांनी फोटो न पाहता स्वतः निकाल देणाऱ्या अशा पहिल्या प्रणालीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये परवानगी दिली. तिच्या चाचणीत आजार असलेल्या शंभरांपैकी साधारण ८७ जण तिने बरोबर ओळखले आणि आजार नसलेल्या शंभरांतल्या दहाएक जणांना उगाच पुढे पाठवलं. आपण त्या दहांतले असू, अशी आशा मी धरून होते.

खरी दमछाक पुढे झाली. क्लिनिकचं सॉफ्टवेअर वेगळं, डोळ्यांच्या दवाखान्याचं वेगळं. एकातले फोटो दुसऱ्यात उघडेनात. माझ्या हातात दिली ती काळी-पांढरी प्रिंट. रक्ताचे बारीक लाल ठिपके शोधायचे, आणि ते काळ्या ठिपक्यांत! फोटो वाचणारं यंत्र आलं, पण फोटो पोचवायचं काम अजून पेशंटच्या पिशवीतच आहे. नेत्रतज्ज्ञ बाईंनी ती प्रिंट बाजूला ठेवली, पुन्हा थेंब घातले आणि स्वतः पाहिलं.

डाव्या पडद्यावर दोन-तीन जागी रक्तस्राव होते. ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, मधल्या भागाला सूज नव्हती, त्यामुळे लेसर किंवा इंजेक्शनची तूर्त गरज नाही. शुगर आणि बीपी आटोक्यात ठेवा, सहा महिन्यांनी या, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी काचबिंदू तपासायला डोळ्याचा दाबही मोजला. क्लिनिकमध्ये तो कुणी मोजला नव्हता. तिथल्या मशीनला एकच प्रश्न शिकवलेला आहे, डायबेटिसमुळे पडदा बिघडला आहे का. काचबिंदूबद्दल त्याला काही विचारलेलंच नसतं. रिपोर्ट चांगला आला म्हणजे डोळे ठणठणीत, असं धरून चालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तरीही पुढच्या वर्षी मी त्या अंधाऱ्या खोलीत जाणारच. तिथे कॅमेरा नसता तर ही तपासणी यंदाही राहिली असती. फक्त आता मूळ रंगीत फोटो पेन ड्राइव्हवर मागून घेतले आहेत. ठिपके वाढले की कमी झाले, हे जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही, असं बाईंनी बजावलं आहे.