डब्यातली हिरवी तर्री

नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या ऑफिसात पंधरा जणांसाठी थाई जेवण न्यायचं होतं. निम्मे शाकाहारी, एक जैन, बाकीचे सावजीवर पोसलेले. ग्रीन करी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली होती, सकाळी तशीच ऑफिसच्या फ्रिजमध्ये गेली. दुपारी झाकण उघडलं तर वर पांढरा, खवल्यांसारखा थर.

"हे नासलं का जी?"

नासलं नव्हतं. नारळाची चरबी साधारण 24 अंशांखाली घट्ट होते. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते ती त्यामुळेच. खरंच नासली असती तर आंबूस वास आला असता, फेस दिसला असता, आणि मग ती फेकायचीच. इंडक्शनवर मंद आचेवर ढवळत गरम केली. खळखळून उकळली की नारळाचं दूध फाटतं. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर, मिनिटामिनिटाला ढवळून. थर विरघळला आणि वर हिरवं तेल तरंगलं. "अरे, ही तर तर्री!" म्हणत लोकांनी वाट्या पुढे केल्या.

ही तर्री मुद्दाम काढावी लागते. पाच नारळ खवून एक लिटर कोमट पाण्यात पहिलं दाट दूध काढायचं, मग त्याच चोथ्यातून दीड लिटर पातळ. दाट दूध अर्धा तास स्थिर ठेवलं की साय वर येते. तीच दोन-तीन वाट्या कढईत मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं आटवायची. फदफद आवाज बदलून तडतड सुरू झाली, कडेने तेल सुटलं, की वाटण घालायचं. डब्यातल्या, खोक्यातल्या दुधात ते फाटू नये म्हणून बहुतेक वेळा स्टॅबिलायझर घातलेला असतो. ते कितीही आटवा, तेल सुटत नाही. तिथे दोन चमचे खोबरेल घालून पुढे जावं. वाटण पाच-सहा मिनिटं, लसणीचा कच्चा वास जाईपर्यंत परतायचं, मग पातळ दूध, भाज्या आणि शेवटी उरलेलं दाट दूध. छोटी हिरवी वांगी, बरबटी (चवळीच्या शेंगा) आणि टोफू मिळून दोन किलोच्या वर घेऊ नये.

वाटणाला 100 ग्रॅम जाड, कमी तिखट मिरच्या बिया काढून आणि 40 ग्रॅम बारीक तिखट. पहिल्या रंगाला, दुसऱ्या झणक्याला. 150 ग्रॅम छोटे कांदे, 60 ग्रॅम लसूण, दोन चमचे भाजलेले धने, एक चमचा जिरं, थोडी पांढरी मिरी, दोन लिंबांची किसलेली साल (खालचा पांढरा भाग नको, कडू होतो). सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पानं नव्हे, मुळं: पंधरा-वीस, माती धुऊन. गोकुळपेठ बाजारात मुळांसकट जुडी मिळते, फक्त विक्रेत्याला कापू देऊ नका. गवती चहाचा बुडाकडचा पांढरट भाग घ्यायचा आणि आडवा, अगदी पातळ चिरायचा. नाहीतर घास घेताना दोरे निघतात. आधी मीठ घालून कोरडंच फिरवावं. सुरुवातीलाच पाणी ओतलं की वाटण परतलं जात नाही, शिजतं.

गलांगल, म्हणजे आल्याच्या जातीचं थाई कंद, ताजं मिळालं नाही. काष्ठौषधींच्या दुकानात ते कुलिंजन म्हणून वाळकं मिळतं, पण मिक्सरला दाद देत नाही. त्याचे तुकडे पातळ दुधात उकळून काढून टाकले. नुसत्या आल्यावर भागवलं तर ते आपल्याच रश्श्याकडे झुकतं. शेवटी सब्जाची पानं. तुळस थायलंडात दुसऱ्या पदार्थांत घालतात. या करीतल्या बडीशेपेसारख्या वासाच्या बेसिलला सब्जा जास्त जवळचा.

शाकाहाराचा प्रश्न इथे खरा अडतो. थाई वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, तयार पाकिटांतही बहुधा असते, म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नये. फिश सॉसऐवजी लाइट सोया आणि मीठ, ताडाच्या साखरेऐवजी गूळ. जैन सहकाऱ्याला मात्र ही करी नाहीच म्हणून सांगितलं. कांदा, लसूण, कुलिंजन, सांबाराची मुळं वगळली तर उरतं काय? त्याच्यासाठी सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं थाई सॅलड होतं, लसूण न घालता.

दोन कच्च्या पपया, 200 ग्रॅम बरबटी, टोमॅटो, भाजलेले फल्लीदाणे. वर लिंबू, चिंच, गूळ, मीठ, मिरची. हे सगळं वेगवेगळ्या डब्यांत नेलं आणि जेवायच्या पाच मिनिटं आधी खलबत्त्यात हलकं ठेचलं. घरूनच कालवून आणलं तर मीठ पपईचं पाणी काढतं आणि तळाशी आंबटगोड सरबत उरतं. दाणे शेवटपर्यंत बाजूला ठेवले, कारण ऑफिसात कुणाला त्यांची ॲलर्जी असेल ते सगळेच सांगतात असं नाही.

सावजीवाल्यांची तक्रार ठरलेलीच होती: तिखट नाही. थायलंडात नूडल्सच्या दुकानात टेबलावर साखर, मिरचीपूड, फिश सॉस आणि व्हिनेगरमधल्या मिरच्या ठेवलेल्या असतात. ज्याने त्याने आपली चव जुळवून घ्यायची. आम्ही साखर, भिवापुरी मिरचीची पूड, लिंबू-सोयातल्या चिरलेल्या मिरच्या अशा वाट्या मांडल्या. पूड आधी संपली.

भात भंडाऱ्याकडच्या चिन्नोरचा. बासमती सुटसुटीत होतो. इथे किंचित चिकट, वासाचा भात हवा. हा मात्र ऑफिसातच कुकरला लावला, कारण शिजवलेला भात तासन् तास बाहेर ठेवणं धोक्याचं, आणि नागपुरी उन्हाळ्यात करीलाही तोच नियम. उरलेली करी फ्रीझरमध्ये ठेवू नये, वांग्याचा लगदा होतो. वाटण मात्र बर्फाच्या ट्रेमध्ये छान गोठतं. दोघांच्या करीला तीन-चार तुकडे पुरतात.