न्यू जर्सीच्या थंडीत अळू, हळद, कढीपत्ता, डेलिया कसे जगवले - माझा अनुभव

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, हिवाळ्यातल्या कडाक्यावरून इकडे जे बागकामाचे झोन पाडतात त्यात झोन ७, म्हणजे एखाद्या रात्री पारा शून्याखाली पंधरा सेल्सिअसपर्यंत सहज जाऊ शकतो. आणि बागेत काय तर कढीपत्ता, मोगरा, अळू, हळद, कर्दळ, डेलिया. एकालाही बर्फ झेपत नाही. दर वर्षी नवीन आणायचं तर कढीपत्त्याचं एवढंसं रोप घेतानासुद्धा किंमत बघून हात आखडतो, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात ठरवलं की जेवढं जगवता येईल तेवढं जगवायचं.

सुरुवात कुंड्यांपासून. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइट, म्हणजे आपलं १० सेल्सिअस, त्याच्या खाली जायला लागलं की कढीपत्ता आणि मोगरा आत, तिथे फ्रॉस्टची, म्हणजे पानांवर हिम गोठण्याची, वाट बघायची नाही. आत घ्यायच्या आधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि मग साबणाचं पाणी, कारण एकदा का घरात हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी होते आणि लाल कोळी ही कीड नुसती फोफावते. तुळस मात्र आत आणली नाही, मंजिऱ्या सुकवून बी पुडीत बांधून ठेवलं. तुळस घरात नुसती कुढते असं माझं मत आहे, कुणाची जगत असेल तर नमस्कार त्यांना.

मग आल्या फ्रॉस्ट ॲडव्हायजरीच्या रात्री. फोनवर ३५-३६ फॅरनहाइट दिसतं आणि आपण म्हणतो अजून ३२ (पाणी गोठतं तो आकडा) कुठे झालंय, पण ते हवेचं तापमान असतं, आभाळ स्वच्छ असलं, वारा पडलेला असला की पानं हवेपेक्षा जास्त गार होतात आणि सकाळी त्यावर पांढरी साय. त्या रात्री जुन्या चादरी जमिनीपर्यंत सोडून पांघरल्या, जमिनीची ऊब आत राहते. प्लास्टिक नको, पानाला चिकटलं की तिथलं पान जळतंच. सकाळी ऊन आलं की चादरी काढायच्या, आमच्या ह्यांना ऑफिसला जाता जाता ते काम.

डेलियाचं उलटं आहे. त्याला एक फ्रॉस्ट लागू दिला, पानं काळी पडली, मग वीतभर देठ ठेवून कापलं आणि लांबून फोर्क घालून अख्खा गड्डा उचलला. इथे घाई करायची नाही कारण कंदाची मान, म्हणजे देठाला जोडणारा बारीक भाग, मोडली की तो कंद कामातून गेला, डोळा मानेच्या वर, देठाला चिकटून असतो, खालचा रताळ्यासारखा भाग कितीही टपोरा असला तरी डोळ्याशिवाय तो फुटत नाही. आणि देठ आतून पोकळ असतं. गड्डा उचलून उपडा केला तर त्या नळीतून चक्क पाणी गळलं! तेच पाणी आत राहिलं की कूज नेमकी डोळ्यापाशी सुरू होते. म्हणून सगळे गड्डे गराजमध्ये पेपरवर उपडे मांडून ठेवले, माती सुकून आपोआप झडेपर्यंत.

मी मूळची सांगलीची, हरिपूरची हळदीची पेवं लहानपणापासून बघितलेली, जमिनीखाली खोल खड्ड्यात वाळलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरलं तसा पेवांचा घात झाला. त्यामुळे थंडीपेक्षा ओलाव्याची धास्ती मला आधीपासूनच जास्त.

तर पॅकिंग. कार्डबोर्डचे बॉक्स, त्यात पाळीव प्राण्यांच्या पिंजऱ्यात घालतात तो लाकडाचा भुसा, कंद एकमेकांना लागणार नाहीत असे. डेलिया आणि कर्दळ बेसमेंटच्या गार कोपऱ्यात, ४० ते ५० फॅरनहाइटच्या मधे. गराज सोयीचं वाटतं पण आमच्या गराजमध्ये जानेवारीत पाण्याची बाटली गोठते, तिथे कंद ठेवले की फ्रॉस्ट घरी बोलावल्यासारखंच. अळूच्या मोठ्या गड्ड्या जरा उबेत, बॉयलरच्या खोलीत वरच्या रॅकवर, लहान अळकुड्या उकडून खाल्ल्या. हळद कुंडीतच होती, ऑक्टोबरपासून पाणी बंद, पानं पिवळी पडून आडवी झाली, कुंडी तशीच्या तशी आत, वसंतापर्यंत थेंब नाही.

महिन्यातून एकदा बॉक्स उघडून प्रत्येक कंद दाबून बघायचा. सुरकुतला तर भुशावर पाण्याचा हलका शिडकावा, मऊ लागला तर कूज. एका बॉक्समध्ये झाकण उघडताच आंबूस वास आला, डेलियाचा एक कंद टोकाकडून तपकिरी होऊन लिबलिबीत झालेला. पांढरं निरोगी मांस दिसेपर्यंत कापला, सुरी प्रत्येक कापाला स्पिरिटने पुसली, काप दोन दिवस उघडा सुकवला आणि आजूबाजूचा भुसा फेकून दिला. बाकीचे वाचले.

शेजारी इटालियन आजोबा आहेत, त्यांचं अंजिराचं झाड. दर थंडीत फांद्या बांधून, गोणपाट आणि ताडपत्री गुंडाळून वर एक बादली उपडी घालतात, लांबून बुजगावणंच. मी विचारलं बादली कशाला, तर म्हणाले थंडी झाड सोसतं, शेंड्यातून आत पाणी गेलं तर बुंधा सडतो. सांगलीची धास्ती इकडेही आहे म्हणायची!

कढीपत्त्याने मात्र जीव खाल्ला. डिसेंबरात पानं पिवळी, जानेवारीत नुसती काडी. घरी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली पाणी घाल गं त्याला, वाळलंय. पण पानं नसताना ते पाणी पिणार कुठून, माती ओली राहून मुळं कुजतात, बरेच कढीपत्ते हिवाळ्यात असेच मरतात. नखाने साल खरवडली, आत हिरवं होतं, म्हणजे जिवंत. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच कपभर पाणी, तेही कोमट. मार्चमध्ये शेंड्याला लालसर कोंब आला तेव्हा कुठे पाणी वाढवलं.

मेच्या मध्यापर्यंत इथे फ्रॉस्टचा भरवसा नसतो, म्हणून कुंड्या आधी सावलीत तासभर, मग रोज थोडं वाढवत बाहेर. अळूला पानं आलीत, कर्दळीचे जास्तीचे कंद आजोबांना दिले. हळद अजून वर आलेली नाही, पण ती उशिराच उठते, माती गरम होईपर्यंत कुंडी उकरायची नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.