धडधड कागदावर सापडेपर्यंत

चार वर्षं मी एकच वाक्य ऐकलं: "ईसीजी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." ईसीजीत दिसतात जेमतेम दहा सेकंद. माझी धडधड यायची महिन्या-दीड महिन्यातून एकदा, वीसेक मिनिटं टिकायची आणि बटण बंद करावं तशी एका क्षणात थांबायची.

एकदा ती चालू असतानाच मी दवाखान्यात पोचले. काउंटरवर सांगितलं, "छातीत आत्ता धडधडतंय, आधी ईसीजी काढा." उत्तर आलं, "आधी फॉर्म भरा." हात थरथरत होता, तरी नाव लिहिलं, वय लिहिलं. पत्ता लिहिता लिहिता छातीत एक ठोका चुकल्यासारखं झालं आणि सगळं शांत. मग निघालेली पट्टी अर्थातच नॉर्मल! त्या फॉर्मचा राग आजही गेलेला नाही. त्या पाच मिनिटांपायी माझं आणखी एक वर्ष गेलं.

चोवीस तासांचा होल्टरही, म्हणजे अंगावर बाळगून ठोके सतत नोंदवणारं यंत्रही लावलं. नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यावं लागे, वजन सुमारे ३८ किलो. माझं मुठीत मावणारं होतं. पण त्या चोवीस तासांत धडधड आलीच नाही, तर ते नोंदवणार काय? झटके क्वचित येत असतील तर जास्त दिवसांचा रेकॉर्डर मागा, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी एका इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टकडे, म्हणजे हृदयातल्या विद्युतप्रवाहाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुरू कशी होते? हळूहळू की एकदम? मानेत उडतं का?" चार वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: 'झटका चालू असताना ताबडतोब ईसीजी काढावा.' पुढच्या वेळी मी ती चिठ्ठीच पुढे केली. पट्टीवर मिनिटाला १९० ठोके.

निदान झालं: एव्ही नोडपाशी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युतप्रवाह जातो त्या जागी, दोन वाटा होत्या आणि विद्युतप्रवाह त्यांतून गोल फिरत होता. जांघेतल्या शिरेतून तारा नेऊन डॉक्टरांनी धडधड मुद्दाम सुरू केली, नेमकी वाट शोधली आणि तेवढीच जागा तापवून बंद केली. पेसमेकर लागण्याचा थोडा धोका असतो, हे आधी स्पष्ट सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी घरी.

अशा धडधडीवर पक्का उपचार होईपर्यंत, ती सुरू झाली की करायचा एक उपाय डॉक्टरांकडून शिकून घ्या: अर्धवट बसून पंधरा सेकंद जोर करून फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी पाय वर उचलून धरायचे. २०१५ च्या एका चाचणीत याने ४३ टक्के रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के. पण चक्कर येऊन पडलात किंवा छातीत दुखलं, तर हे करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

आणि हो, पट्टीचा लगेच फोटो काढा. थर्मल कागद पुसट होतो. माझ्या पट्टीवरचे ते १९० ठोके आता जेमतेम दिसतात.