तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधल्या समुपदेशकाला खरा एआय का जोडत नाही?

एआय समुपदेशनावरची व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रांसोबत वाचत आणि बटणं दाबत पुढे जायचा कथारूप गेम, लिहितोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग त्यातला समुपदेशक खराखुरा एआय असेल ना? आता तर भाषा मॉडेलं मराठीतही बोलतात. खेळाडू टाइप करेल, ते उत्तर देईल. एकेक वाक्य हाताने लिहीत कशाला बसायचं?" प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतःलाही असा गेम करायचा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अशा गेममधल्या यंत्राचं प्रत्येक वाक्य माणसानेच लिहावं, असं माझं ठाम मत आहे. सर्व्हरचा खर्च वगैरे कारणं नंतरची. या प्रकारच्या गेमचा जीव यंत्राच्या न ऐकण्यात असतो, आणि ते न ऐकणं नेमकं असावं लागतं.

एक प्रसंग घेऊ. साठीचे एक गृहस्थ समोर बसलेत. म्हणतात, "ती गेल्यापासून रेडिओ लावावासा वाटत नाही." खेळाडू या गेममध्ये यंत्राचा माणूस आहे, यंत्र जे देईल ते वाचून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पडद्यावर वाक्य येतं: "गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं?" खाली एकच बटण, त्यावरही हेच वाक्य.

यंत्र इथे मूर्खपणा करत नाहीये. नैराश्याच्या चाचणीसाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न एखादी गोष्ट करण्यात रस किंवा आनंद न वाटण्याबद्दलचा, आणि विचार करायचा तो मागच्या दोन आठवड्यांचा. यंत्राने 'रेडिओ लावावासा वाटत नाही' ऐकलं, पहिल्या प्रश्नाशी जुळवलं आणि गुण भरायला आकडा मागितला. त्याच्या नियमाने सगळं बरोबर. फक्त 'ती' कोण, हे कुणीच विचारलं नाही. खेळाडूला ते कळतं, त्याच्या तोंडाशी प्रश्न येतो, आणि बटण मात्र एकच असतं. हा क्षण म्हणजेच हा गेम.

आता हेच वाक्य भाषा मॉडेलला द्या. ते हळहळ व्यक्त करेल आणि 'रेडिओ तुम्ही दोघं मिळून ऐकायचात का' असं विचारेल. उत्तर चांगलं आहे, आणि म्हणूनच प्रसंग तिथेच संपतो. 'तू समोरच्याचं नीट ऐकू नकोस' अशी सूचना दिली तर ते वेंधळेपणाची नक्कल करतं. त्या चुकीमागे नियम नसतो, त्यामुळे खेळाडूला ती अडाणी वाटते, भीतीदायक वाटत नाही. शिवाय दर वेळी चूक वेगळी. पहिल्या सत्रात न विचारलेल्या प्रश्नावर चौथं सत्र उभं करायचं असेल, तर पहिल्या सत्रात काय घडलं हे लेखकाला अक्षरशः माहीत असावं लागतं.

दुसरं कारण मला याहून गंभीर वाटतं. टाइप करायला रिकामी चौकट दिली की माणसं तिच्यात स्वतःचं दुःख लिहितात. हे १९६६ पासून माहीत आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी तेव्हा 'एलायझा' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि त्यात 'डॉक्टर' नावाची संहिता घातली. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीने समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवणाऱ्या समुपदेशकाची ती नक्कल होती. यंत्रणा अगदी साधी: वाक्यात ओळखीचा शब्द शोधायचा, अनेक सापडले तर ज्याचा क्रमांक वरचा तो घ्यायचा, वाक्याचे तुकडे करायचे, 'माझं' असेल तिथे 'तुमचं' करायचं आणि ठरलेल्या साच्यात बसवून परत करायचं. 'माझं' असलेली काही वाक्यं बाजूला साठवायची. पुढे काहीच ओळखीचं सापडलं नाही की त्यातलं एखादं काढून 'याचा त्याच्याशी काही संबंध आहे का' असं विचारायचं. एवढ्यावर वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने, जिने तो प्रोग्राम तयार होताना पाहिला होता, त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. ही हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे, आणि पुढे ते या कल्पनेचेच कडवे टीकाकार झाले.

म्हणजे चौकट दिलीत की समोर पात्र उरत नाही, तुमचा खेळाडू बसतो. त्याने रात्री दोन वाजता जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल लिहिलं, तर तुमच्या गेमकडे काय आहे? ते वाक्य कुठल्या सर्व्हरवर गेलं, किती दिवस राहील? कथा सांगणाऱ्या गेमने ही जबाबदारी सहज म्हणून अंगावर घेऊ नये. बटणं असली की अशिलाच्या, म्हणजे समुपदेशनाला आलेल्या माणसाच्या, खुर्चीत पात्र राहतं आणि खेळाडू समोरच्या खुर्चीत.

झॅक्ट्रॉनिक्स या गेम कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये काढलेली 'एलायझा' नेमकी याच खुर्चीवर उभी आहे. वायझेनबॉमच्या प्रोग्रामचंच नाव घेतलेली ही व्हिज्युअल नॉव्हेल सिअ‍ॅटलमध्ये घडते. नायिका एव्हलिन पूर्वी हे यंत्र घडवणाऱ्यांपैकी एक होती. आता ती त्याचीच प्रॉक्सी, म्हणजे यंत्राची वाक्यं अशिलांना वाचून दाखवणारी नोकरदार. सत्रांमध्ये खेळाडूसमोर बहुतेक वेळ एकच पर्याय असतो. 'मग हा गेम कसला' अशी तक्रार लोक करतात. मला ती या माध्यमातली फार धाडसी निवड वाटते. संहिता सोडून बोलण्याची मुभा खूप उशिरा मिळते, आणि तोवर तिचं वजन कळलेलं असतं.

आता लिहायचं कसं. प्रत्येक अशिलासाठी आधी एक पान असं लिहा की ज्यात यंत्र नाहीच: हा माणूस काय सांगायला आलाय, त्यातलं किती सांगेल, काय काही झालं तरी सांगणार नाही. मग सत्राचे चार रकाने करा. अशिलाचं वाक्य, यंत्राने त्यातलं काय पकडलं, यंत्र काय म्हणालं, आणि खेळाडूला त्या क्षणी काय विचारावंसं वाटेल. चौथा रकाना गेममध्ये दिसत नाही, पण तो रिकामा राहिला तर ते वाक्य काढून टाका.

नमुना म्हणून एक ओळ. ऑफिसकडून समुपदेशनाला पाठवलेली एक मुलगी म्हणते, "काम ठीक चाललंय. फक्त लिफ्टमध्ये शिरताना हात गार पडतात." यंत्राने पकडलं: बंद जागा, शारीरिक लक्षण. यंत्र म्हणालं: "बंद जागेत याआधी असा त्रास झाला होता का?" खेळाडूला विचारायचंय: "लिफ्टमध्ये कोण असतं?" दुसरा रकाना नीट भरलेला असला की यंत्राला खलनायक करावं लागत नाही.

मापं सांगायची तर एक सत्र १,२०० ते १,५०० शब्दांचं ठेवावं. वाचायला आठ-दहा मिनिटं लागतात. त्यापुढे एकच बटण दाबून कंटाळा येतो. संवादाच्या चौकटीत एका वेळी दोन ओळी, फार तर वीस शब्द. यंत्राचं वाक्य बाराच्या आत. अशिलाची वाक्यं मात्र लांबीला वेडीवाकडी असू द्या: एक तीन शब्दांचं, पुढचं चार चौकटी भरणारं. दोघं सारख्या लयीत बोलायला लागले की अशीलच यंत्रासारखा वाटतो. पहिल्या मसुद्यात ही चूक हमखास होते.

पर्यायांची हाव आवरा. सहा ठिकाणी तीन-तीन पर्याय दिले आणि फांद्या परत जुळवल्याच नाहीत, तर ७२९ वाटा होतात. म्हणून फांदी दोन-तीन वाक्यांत मूळ वाटेवर आणा आणि काय बोललं गेलं याची फक्त नोंद ठेवा. 'विश्वास अधिक एक' असे गुण ठेवू नका. खेळाडू लगेच गुण कमवायला लागतो आणि आपणच पीएचक्यू-९ चं यंत्र होऊन बसतो. 'लिफ्टबद्दल विचारलं', 'रेडिओबद्दल विचारलं नाही' अशा साध्या नोंदी पुरतात. तिसऱ्या सत्रात त्या नोंदीवरून एखादं वाक्य बदललं, तरी खेळाडूला ते लक्षात राहतं.

रेनपाय या व्हिज्युअल नॉव्हेल बनवायच्या साधनात करत असाल तर या नोंदी त्याच्या 'डिफॉल्ट' या आज्ञेने जाहीर करा. 'डिफाइन' हे न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आहे. त्याने केलेल्या नोंदी सेव्ह फाइलमध्ये भरवशाने जात नाहीत, आणि गेम परत उघडल्यावर अशील न झालेलं बोलणं आठवायला लागतो. मराठीसाठी ८.२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. तिच्यापासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आलं. आधीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी भलतीकडे जायची. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर रफार वरच्या ओळीला टेकतो. रोलबॅकचंही आधीच ठरवा. माउसचं चाक फिरवून मागे जाता येतं, त्यामुळे संहिता सोडून बोललेलं वाक्य खेळाडू सहज पुसू शकतो. 'फिक्स रोलबॅक' लावलं की मागचं वाचता येतं, पण घेतलेला निर्णय बदलत नाही. समुपदेशनाच्या खोलीत तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येत नसतो, तेव्हा हे लावावंच.

एकच बटण पाहून काहींना गेम बिघडला असं वाटतं. त्यावर उपाय सोपा आहे: अशिलाचं बोलून झाल्यावर दीड-दोन सेकंद यंत्र विचार करतंय असं दाखवा, मग वाक्य, मग बटण. दोन-तीनदा झालं की लोक रुळतात. न निवडता येणारे पर्याय करड्या रंगात दाखवायची सोय रेनपायमध्ये आहे, पण इथे ती टाळा. पुढे काहीतरी उघडणार आहे अशी लालूच लागते आणि खेळाडू अशिलाकडे बघायचं सोडतो.

यंत्राच्या साच्यात अशिलाचा शब्द घालायचा असेल तर प्रत्येक शब्दाची दोन रूपं साठवा. 'मुलगा' उचलून 'बद्दल आणखी सांगा'ला जोडलात तर 'मुलगाबद्दल' होतं आणि गंभीर प्रसंगात हसू फुटतं. क्रियापदांचं तर विचारूच नका: 'मी थकलेय' म्हणणाऱ्या बाईला 'तुम्ही थकले आहात' असं ऐकू गेलं की सगळं ओमफस. एकूण वाक्यं दीड-दोनशेच असतील तर साच्याच्या नादी न लागता सरळ हाताने लिहा.

संहिता सोडून बोलायची वेळ आली की बहुतेक गेम बिघडतात, कारण माणसाचं वाक्य तिथे दर वेळी जिंकतं. तसं करू नका. वरच्या मुलीला खेळाडूने अखेर विचारलं, "लिफ्टमध्ये कोण असतं?" तर ती दाराकडे बघून म्हणू शकते, "हे ऑफिसला कळतं का?" प्रश्न बरोबर होता, पण खोलीत रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला माहीत आहे. रेडिओवाल्या गृहस्थांना दिलेलं सांत्वन त्यांना नकोसं होऊ शकतं, आणि यंत्राचा कोरडा प्रश्नच त्यांना सोयीचा वाटू शकतो. चाचणीच्या प्रश्नावलीमुळे गंभीर धोका वेळेत ध्यानात येतो हेही खरं आहे; पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल थेट विचारतो, आणि भिडेखातर माणसं नेमकं तेच विचारायचं टाळतात. एका तरी सत्रात यंत्र बरोबर आणि खेळाडू चूक असावा.

तरीही कुणाला भाषा मॉडेल वापरायचंच असेल, तर लिहिताना एक उपयोग आहे: अशिलाचं वाक्य त्याला द्या आणि उत्तर वाचा. तुमच्या चौथ्या रकान्यातला प्रश्न त्या उत्तराशी जुळत असेल तर तो फार सोपा झालाय, पुन्हा विचार करा. गेममध्येच मॉडेल जोडणार असाल तर स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर जानेवारी २०२४ पासून त्याची माहिती आधी द्यावी लागते, आणि खेळताना तयार होणाऱ्या मजकुराला काय आवर घातलाय तेही सांगावं लागतं.

सुरुवातीच्या पडद्यावर विषय स्पष्ट सांगा: मृत्यू, आत्महत्येचे विचार, छळ, जे असेल ते. आत्महत्येची पद्धत कुठेही वर्णन करू नका. प्रत्येक सत्र सोडून पुढे जाता येईल आणि सोडल्याने कथेचा धागा तुटणार नाही असं बघा. दोन वाक्यांचा गोषवारा पुरतो. मदतीचे फोन क्रमांक गेमच्या मजकुरात मिसळू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा, कारण ते बदलतात आणि देशागणिक वेगळे असतात.

आणि संहिता एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाला पैसे देऊन वाचायला द्या. 'ठीक आहे का' असं विचारलंत तर 'ठीक आहे' असंच उत्तर येईल. त्यांना तीन खुणा करायला सांगा: तुम्ही इथे गप्प राहिला असतात का, अशिलाचं कुठलं वाक्य तुम्ही सोडलं नसतं, आणि कुठल्या ठिकाणी तुम्ही सत्र थांबवून धोक्याची चौकशी सुरू केली असती. हे आवाज ध्वनिमुद्रित करायच्या आधी करा. तिसऱ्या खुणेमुळे अख्खं सत्र नव्याने लिहायला लागू शकतं, आणि तोवर कलाकारांचं काम झालेलं असेल तर ते बदलायला कुणी तयार होत नाही.