+०५३० आणि आज्जीचा पैरा

गिट म्हणजे प्रोग्रामर आपल्या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतात ते साधन. त्याच्या लॉगमधे प्रत्येक कॉमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, वेळ असते आणि त्या वेळेच्या शेपटीला एक आकडा चिकटलेला असतो, लिहिणाऱ्याचं घड्याळ जागतिक वेळेच्या किती पुढे किंवा मागे ते सांगणारा. +०१०० म्हणजे जर्मनीचा हिवाळा, -०८०० म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा, आणि +०५३० म्हणजे आपण (श्रीलंकाही त्यातच येते, त्यामुळे दोघांना वेगळं काढताना डोकं पिकतं). पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, म्युनिकमधे, नोव्हेंबर महिना, साडेचारलाच अंधार पडलेला, मी ती लाखो ओळींची टेबलं नुसती खाली सरकवत बसले होते आणि मधेच +०५३० दिसायचं, आणि वेळ बघावी तर रात्रीचे दोन, सव्वादोन. म्हणजे आपल्याकडचं कुणीतरी, पुण्यात असेल, हैदराबादेत असेल, दिवसभर नोकरी करून, जेवून, घरातले झोपल्यावर एका फुकट सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करत बसलंय. पैसे नाहीत, वर साहेब नाही, मग का? माझ्या पाच वर्षांच्या पीएचडीत हा एकच प्रश्न होता.

गावी गेलं की सगळे विचारतात की इकॉनॉमिक्स म्हणजे बँक का, शेअर मार्केट का. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढू.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. लहानपणी भुईमुगाची भांगलण आली की आज्जीचा पैरा ठरायचा, म्हणजे आज आमच्या रानात सगळ्या जणी, उद्या दुसरीच्या रानात सगळ्या जणी, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. आज्जीला शाळा माहीत नाही पण हिशोब तोंडपाठ. "तिनं आपल्याकडं तीन दीस दिलं, आपलं दोनच गेलं, बुधवारी जायाच पाहिजे," असं म्हणून ताप असला तरी खुरपं घेऊन निघायची. पैरा फेडला नाही तर पुढच्या वर्षी बांधावर कुणी येत नाही, एवढा साधा नियम. पुस्तकात इन्सेंटिव्ह हा शब्द भेटायच्या आधी मला ही गोष्ट माहीत होती, आणि एमएला गेम थिअरी शिकवताना सर फळ्यावर पुन्हा पुन्हा खेळला जाणारा खेळ मांडत होते तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आज्जीचं खुरपंच होतं.

बीए सांगलीत केलं, एमएला पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटला. तिथल्या लायब्ररीत मला धनंजयराव गाडगीळ नीट कळले. १९३० साली संस्था सुरू झाली तेव्हाचे ते पहिले संचालक, आणि हाच माणूस पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात उतरला, १९५० मधे धुराडं पेटलं. अर्थतज्ज्ञाने टेबल सोडून लोक एकत्र येऊन काम कसं करतात ते जवळ जाऊन बघायचं असतं, हे माझ्या मनात तिथेच बसलं.

त्याच काळात होस्टेलवर एका रात्री मराठी विकिपीडियावर हळदीच्या पेवांबद्दल (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) दोन परिच्छेद टाकले. संदर्भ नाहीत, शुद्धलेखनाची बोंब. दुसऱ्या दिवशी बघते तर कुणीतरी सगळे ऱ्हस्व-दीर्घ नीट करून ठेवलेले, आणि माझ्या चर्चा पानावर चार ओळी, की माहिती चांगली आहे, संदर्भ असा द्यायचा, अजून लिहा. तो संपादक कोण, स्त्री की पुरुष, कुठल्या गावचा, मला आजही माहीत नाही. पण मी पुढचं वर्षभर तिथे लिहीत राहिले ते त्या चार ओळींमुळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यावर इकॉनॉमिक्स काय म्हणतं? जॉश लर्नर आणि जाँ तिरोल यांचा २००२ चा पेपर या विषयातला पाया समजतात. त्यांचं म्हणणं असं की फुकट काम करणारा माणूस खरं तर स्वतःचं कौशल्य जगाला दाखवत असतो, त्यातून पुढे नोकरी मिळते, नाव होतं. पटतं, बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंही आहे. पण माझ्यावर चार ओळी खर्च करणाऱ्या त्या संपादकाचं टोपणनाव होतं, खरं नाव पानावर कुठेच नव्हतं, मग तो कौशल्य दाखवत होता कुणाला? आणि पैऱ्यातही बसत नाही ते, कारण मी त्याचं कधी फेडणार नव्हते. ही खुटखुट घेऊन मी पीएचडीचे अर्ज भरले, पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला, दुसऱ्या वर्षी म्युनिकला जमलं.

तिथे पहिल्या सेमिस्टरला वाचलेल्या पेपरांपैकी दोन मी अजून जपून ठेवलेत. एक अगरवाल आणि गोल्डफार्ब यांचा २००८ चा, बिटनेटवरचा. बिटनेट म्हणजे १९८१ मधे सुरू झालेलं विद्यापीठांना जोडणारं नेटवर्क, इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधीचं. नेटवर्क जोडल्याचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला, तर टॉपच्या विद्यापीठांना नाही, मधल्या फळीतल्यांना, आणि त्यातही जी एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या परिसरात होती त्यांना. सांगलीहून आलेल्या मुलीने हे वाचल्यावर तिला काय वाटलं असेल! दुसरा पेपर हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या प्रयोगाचा, २०१७ चा. संशोधकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या खोल्यांत वाटून दिलं आणि ९० मिनिटं एकमेकांच्या कल्पना ऐकवल्या, बस. ज्या जोड्या एका खोलीत आल्या त्यांनी मिळून ग्रँटसाठी अर्ज करण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढली. फक्त दीड तासात! म्हणजे तार जोडली की काम होतं हेही खरं, आणि तोंड बघितल्याशिवाय काही सुरू होत नाही हेही खरं. २०२३ मधे नेचरमधे आलेल्या अभ्यासात तर २ कोटी पेपर आणि ४० लाख पेटंट तपासून सांगितलंय की लांब लांब बसून काम करणाऱ्या टीम्सकडून खरोखर नवी वाट पाडणारं काम कमी होतं. मला ते आवडलं नव्हतं, अजूनही टोचतं, पण पुरावा भक्कम आहे.

तर मी ठरवलं की नवखा माणूस टिकतो कधी ते बघायचं. ओपन सोर्स प्रोजेक्टमधे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो आणि कुणीही त्यात बदल सुचवू शकतो अशा सॉफ्टवेअरमधे, कुणी पहिल्यांदा बदल सुचवला, त्याला उत्तर किती वेळात आलं, आणि सहा महिन्यांनी तो तिथे आहे का गेला. रिझल्ट असे सुंदर आले की बोलायची सोय नाही. उत्तर जितकं लवकर तितकी माणसं टिकलेली, ग्राफ खाली उतरणारा, गुळगुळीत. कॉन्फरन्सला निवड झाली, स्लाइड्स तयार, मी हवेत.

दोन आठवडे आधी एका रात्री पेपरच्या शेवटी जोडायच्या परिशिष्टासाठी सहज दहा-वीस उत्तरं उघडून वाचायला घेतली. सगळ्यात जलद उत्तर चार सेकंदात आलेलं. चार सेकंदात माणूस "नमस्कार" तरी लिहील का? वाचलं तर त्यात लिहिलेलं की योगदानाबद्दल धन्यवाद, आता या लिंकवर जाऊन करारावर सही करा. दुसरं उघडलं, तेच वाक्य. तिसरं, तेच. बॉट होता, म्हणजे आपोआप उत्तर टाकणारा प्रोग्राम. माझी जलद उत्तरं म्हणजे निम्म्याहून जास्त बॉट होते, आणि बॉट ठेवणारी प्रोजेक्ट्स मुळातच मोठी, पैसेवाली, तिथे माणसं तशीही टिकतातच. हात गार पडले माझे. रात्रीच स्क्रिप्ट लिहून बॉट वगळले, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायचं गणित) चालवलं, आणि तो सुंदर उतार जाऊन एक जवळपास सपाट रेघ उरली.

सकाळी सुपरव्हायजरकडे गेले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिने शांतपणे खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली, चूक किती मोठी आहे ते आधी मोजू, रडायचं का ते नंतर ठरवू. कॉन्फरन्समधून पेपर मागे घेतला. मग पुढचे आठ महिने मी आकड्यांना हात न लावता नुसती उत्तरं वाचली, हजारो, हाताने, एकेक. त्यात एकाच माणसाचे तीन ईमेल असल्याने माझ्या टेबलात तो तीन माणसं झालेला, असली भुतंही सापडली, ती निस्तरली. आणि वाचता वाचता दिसायला लागलं की वेळेपेक्षा उत्तरात काय आहे ते महत्त्वाचं. "धन्यवाद" म्हणून बंद केलेलं उत्तर वेगळं, आणि "इथे हा टेस्टही टाक, नाहीतर अमुक ठिकाणी अडेल" असं म्हणणारं वेगळं. दुसऱ्यात समोरच्याने तुमचं काम खरंच वाचलेलं असतं, आणि त्यात तो पुढचं काम देऊन ठेवतो. अशी उत्तरं दोन दिवस उशिरा आली तरी माणूस परत येत होता. माझ्या थिसिसचा तिसरा आणि सगळ्यात बरा चॅप्टर तो हाच.

त्या +०५३० वाल्यांपैकी काही जणांशी मी नंतर कॉलवर बोलले. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, त्यांचे रात्रीचे बारा म्हणजे माझे साडेसात. एक मुलगा म्हणाला, "ऑफिसमधे माझा कोड कुणी वाचत नाही मॅडम, फक्त चालतो का बघतात, इथे एक फिनलंडचा माणूस ओळ न् ओळ वाचतो." मी कागदावर ते वाक्य लिहून टेबलासमोर चिकटवलं.

याला किंमत काय, तर हॉफमन, नेगल आणि झोऊ यांनी २०२४ मधे अंदाज काढला की ओपन सोर्स नसतं तर कंपन्यांना तेच सगळं स्वतः बनवायला ८.८ लाख कोटी डॉलर लागले असते, आणि त्यातलं ९६ टक्के मूल्य फक्त ५ टक्के डेव्हलपर्सनी तयार केलंय. आता तो ५ टक्क्यांतला माणूस थकला तर? त्याच्या जागी येणारा नवखा कुणाच्या तरी पहिल्या उत्तरावरच टिकणार आहे ना?

बाकी या वाटेचं बोलायचं तर, पेपर एका जर्नलने नऊ महिने ठेवून दोन ओळींत परत केला, त्यातला एक रेफरी, म्हणजे पेपर तपासणारा, तर दुसऱ्याच कुठल्या पेपरबद्दल लिहीत होता असं वाटावं. जर्मनीत तात्पुरत्या कॉन्ट्रॅक्टवर पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं राहता येतं असा कायदा आहे, त्यामुळे आमच्या मजल्यावर प्रत्येकाला आपली किती वर्षं उरलीत ते पाठ असतं. माझं घड्याळ आत्ताच दुसऱ्या सहात शिरलंय. घरी कायम नोकरी कधी म्हणून विचारतात, त्यांचं चुकत नाही, काळजी मलाही वाटते.

आता दोन वर्षांचं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, मिळालंय. विषय असा की चॅटजीपीटी आल्यावर सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरचा (प्रोग्रामर एकमेकांना अडचणी विचारतात ती साइट) वावर साधारण २५ टक्क्यांनी घटला, असं एका अभ्यासात दिसलंय, म्हणजे पहिला प्रश्न लोक आता मशीनला विचारतात आणि उत्तरही मशीनच देतं. ते उत्तर माझ्या त्या चार सेकंदांच्या बॉटसारखं नाही, बऱ्याचदा चांगलं असतं, ओळ न् ओळ वाचून दिलेलं असतं. मग त्यावर माणूस टिकेल का, आणि टिकला तर कुणाजवळ टिकेल, हे मला बघायचंय. या वेळी डेटा हातात आला की आधी दोन महिने फक्त वाचणार आहे, रिग्रेशन नंतर.

आज्जीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या फिनलंडच्या बाबाच्या रानात आपली पोरं कधी जात्यात?" मी म्हटलं आज्जी, ते नवीन येणाऱ्या तिसऱ्याच कुणाच्या तरी रानात जातात. तिने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "असं व्हय," आणि भुईमूग यंदा बरा आहे ते सांगायला लागली.