खोकला कुठल्या रकान्यात लिहायचा?

गोवंडीला शिवाजीनगरमध्ये आमची छोटी संस्था आहे, सात-आठ जणी, मूळ काम बचत गटांचं. देवनारचं डंपिंग पाठीलाच, 1927 पासूनचं. 2016 च्या जानेवारीत तिथे आग लागली, शाळा बंद ठेवायला लागल्या, तेव्हापासून बायका विचारायच्या की ताई हा धूर मोजता येत नाही का. येतो की. सहा सेन्सर, वर्षभर रीडिंग आणि सोबत वस्तीतल्या पोरांच्या खोकल्याची वही, असं साडेसहा लाखांचं बजेट काढलं आणि फंडिंग शोधायला निघालो.

बाहेरच्या देशातल्या फाउंडेशनचा विचार लगेच सोडला. एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसे घ्यायची सरकारी नोंदणी, आमच्याकडे नाही, ते काढायला मागच्या तीन वर्षांत 15 लाख खर्च केलेला दाखवावा लागतो, तो कुठून दाखवणार? मोठ्या संस्थेने ते पैसे घेऊन आम्हाला पुढे द्यायचे तर 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद केलंय. मग सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचे पैसे. 12ए, 80जी ही करसवलतीची नोंदणी होती, पण सीएसआर-1 या सरकारी नोंदणीच्या फॉर्मशिवाय कंपनी दारात उभं करत नाही, त्याला ट्रस्टीची डिजिटल सही लागते आणि सीएचं सर्टिफिकेशन. आमचे सीए भले माणूस, फी हप्त्याने घेतली. तरी सीएकडे जायच्या आधी पॅनवरचं आणि ट्रस्ट डीडवरचं नाव एक आहे का बघा, आमच्यात एका "व" चा फरक होता आणि त्यात दोन महिने गेले.

पहिल्या कंपनीतल्या साहेबांनी विचारलं, मॅडम झाडं किती लावणार? म्हटलं लावणार नाही, मोजणार. मग त्यांनी हळूच विचारलं की आकडे आल्यावर त्यांचं काय करणार. वॉर्ड ऑफिसला आणि प्रदूषण मंडळाला देणार, असं खरं सांगून टाकलं. त्यानंतर मेलला उत्तर नाही. आता वाटतं मुद्द्याचा प्रश्न तेवढाच होता, बाकी सगळे फॉर्म भरण्यापुरते. झाडाचा फोटो निघतो हो, हवेचा आकडा उद्या कुणाच्याही चिमणीकडे बोट दाखवेल.

दुसऱ्या कंपनीत वेगळाच घोळ. सीएसआरचे पैसे कशावर खर्च करता येतात त्याची यादी असलेल्या कंपनी कायद्याच्या सातव्या शेड्यूलमध्ये आरोग्य एका कलमात आणि हवा-पाणी-माती दुसऱ्यात, फॉर्मवर टिक एकालाच. धूर पर्यावरण, खोकला आरोग्य, आणि पोरगं तर एकच आहे! शेवटी पर्यावरणावर टिक केली आणि खोकल्याची वही "कम्युनिटी डेटा" म्हणून आत घुसवली.

त्यांच्या टेक्निकल माणसाने मात्र नीट धरलं. हे स्वस्तातले सेन्सर उजेडाच्या विखुरण्यावर चालतात, पावसाळ्यात दमट हवेत पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचा आकडा, फुगवून दाखवतात, मग तुमचे आकडे कोण मानणार? खरं होतं ते. मग प्रपोजलमध्ये लिहिलं की आधी तीन आठवडे सगळे सेन्सर सरकारी स्टेशनजवळ ठेवून फरक काढू आणि पावसाळ्यातली रीडिंग वेगळी दाखवू. माझ्या मते पैसे त्या एका परिच्छेदामुळे मिळाले, वस्तीच्या फोटोंमुळे नाही.

मंजूर झाले चार लाख, तीन हप्त्यांत, दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पहिले पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला, दिल्यावर. वही भरणाऱ्या बायकांचं मानधन त्यांनी अर्धं कापलं, सेन्सरचे पैसे मात्र पूर्ण दिले, याचा राग अजून आहे. परवा एका सेन्सरची वायर उंदराने कुरतडली. तो खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा म्हणून मेल केलाय, उत्तराची वाट बघतेय.